किती वेळा? : इंग्रजी आवृत्तिवाचक क्रियाविशेषणे आणि मराठी विद्यार्थी

शेताकडे जाणाऱ्या पायवाटेवरून दोन शेजाऱ्यांत तंटा लागून प्रकरण दिवाणी न्यायालयापर्यंत गेले, म्हणजे साक्षीदाराच्या जबानीत 'तुम्ही या वाटेने किती वेळा जात होता?' हा प्रश्न हटकून येतो. कारण १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्याप्रमाणे वहिवाटीने प्राप्त होणारा हक्क वीस वर्षांच्या अखंड उपभोगावर अवलंबून असल्यामुळे, 'नेहमी जात होतो' आणि 'कधीमधी जात होतो' या दोन उत्तरांपैकी कोणते उत्तर दप्तरात नोंदले जाते, यावर एखाद्या कुटुंबाची वाट राहील की जाईल हे ठरू शकते. वैद्य रोग्याला पोटदुखी किती वेळा होते असे विचारतो, शेठ नोकराच्या उशिराचा हिशेब मागतो, आई मुलाच्या अभ्यासाची चौकशी करते. या सर्व ठिकाणी घटना काय घडली याइतकेच महत्त्व ती किती वेळा घडते याला असते, आणि उत्तरातील एका लहानशा अव्ययावर त्या उत्तराचा खरेपणा तोललेला असतो.

या अव्ययांना मराठी व्याकरणात कालवाचक क्रियाविशेषणांच्या वर्गात स्थान आहे. त्या वर्गाचे जे पोटभेद शाळेतून शिकवले जातात, त्यांत 'आज', 'काल', 'आता' ही कालदर्शक, 'नेहमी', 'सदा', 'सतत' ही सातत्यदर्शक आणि 'वारंवार', 'क्षणोक्षणी', 'सालोसाल' ही आवृत्तिदर्शक असे भेद सांगितले आहेत. इंग्रजी व्याकरण यांपैकी शेवटचे दोन भेद एकत्र करून त्यांचा एकच वर्ग मानते, आणि ऑलवेज, यूज्वली, ऑफन, समटाइम्स, सेल्डम, रेअरली, नेव्हर हे शब्द त्यात बसवते. शब्द थोडे आहेत, त्यांचे अर्थ पाठ व्हायला एक दुपार पुरते. तथापि वाक्यात ते योग्य जागी, योग्य काळाच्या संगतीत आणि योग्य निषेधासह वापरण्याची वेळ आली, की वर्षानुवर्षे इंग्रजी शिकलेला मराठी विद्यार्थीसुद्धा अडखळतो. हे अडखळणे बुद्धिमांद्यामुळे होत नाही, तर दोन भाषांनी एकच काम दोन निराळ्या अवयवांकडे सोपवले असल्यामुळे होते, आणि ती वाटणी विद्यार्थ्याला कोणी उलगडून दाखवत नाही. ती उलगडून दाखवण्याचे सर्वांत समर्थ साधन त्याचे स्वतःचे मराठी व्याकरण आहे, हे या लेखात सप्रमाण मांडावयाचे आहे.

रायगड जिल्ह्यातील म्हसळा हा तालुका या विवेचनासाठी डोळ्यांसमोर ठेवण्यास फार अनुरूप आहे. राजपुरीची खाडी आत शिरत शिरत जेथे संपते तेथे वसलेले हे गाव सिद्दी नबाबांच्या जंजिरा संस्थानात होते, आणि १९४८ साली संस्थान विलीन झाल्यावर ते मुंबई इलाख्याच्या वारसदार राज्यात आले. आसपासच्या वाड्यांतून मराठीचे कोकणी रूप बोलले जाते, कोकणी मुसलमानांच्या मोहल्ल्यांतून त्याच बोलीला उर्दूची जोड मिळते, आणि मराठी व उर्दू अशा दोन्ही माध्यमांच्या शाळांतून मुले शिकतात. या किनारपट्टीतील कितीतरी घरांतील कर्ती माणसे मुंबईत, आखाती देशांत अथवा जहाजांवर चाकरीला असल्यामुळे येथे इंग्रजीची गरज कोणाला समजावून सांगावी लागत नाही. महाराष्ट्र शासनाने २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी विषय सुरू केला, तेव्हा तो अशा गावांतील पालकांना हवाच होता. प्रश्न गरजेचा नाही, पद्धतीचा आहे.

पद्धतीचा विचार करताना मराठी व्याकरणाचा इतिहास आपल्या साहाय्याला येतो. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली आपले मराठी व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्या नजरेसमोर लिंडले मरे याच्या इंग्रजी व्याकरणाची मांडणी होती. म्हणजे मराठीच्या शब्दजातींची आधुनिक व्यवस्थाच मुळात इंग्रजीशी ताडून पाहत बसवली गेली. पुढे कवी केशवसुत यांचे बंधू मोरो केशव दामले यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा बृहद्ग्रंथ लिहून संस्कृत परंपरा आणि इंग्रजी पद्धती या दोहोंच्या कसोटीवर ती व्यवस्था तपासली. या परंपरेचे मूळ त्याहूनही खोल आहे. एखादी गोष्ट पुनःपुन्हा घडते किंवा सर्वत्र पसरलेली आहे हे दाखवण्यासाठी शब्दाचे द्वित्व करावे, असा नियम पाणिनीने अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायाच्या आरंभीच घालून दिला. आणि आपण आजही 'वारंवार', 'वेळोवेळी', 'पदोपदी', 'घडोघडी', 'रोजरोज', 'कधीकधी' असे शब्द बोलतो ते त्याच प्रवृत्तीला अनुसरून. आवृत्तीचा बोध शब्दाच्याच आवृत्तीने करून देण्याची ही सोय मराठीला सहजसिद्ध आहे, इंग्रजीला ती जवळपास नाहीच; त्यामुळे तिने हे काम शब्दांच्या निश्चित श्रेणीवर आणि त्यांच्या निश्चित जागेवर सोपवले आहे.

प्रथम श्रेणीचा विचार करू. इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून या शब्दांसमोर शेकडेवारी छापण्याची प्रथा आहे. ऑलवेजसमोर शंभर, नेव्हरसमोर शून्य, आणि मधल्या शब्दांसमोर उतरते आकडे. आरंभीच्या शिक्षणाला ही शिडी उपयोगी असली, तरी ती शब्दशः खरी मानणे धोक्याचे आहे, कारण ऑफन किंवा 'वारंवार' या शब्दाचे माप घटनेच्या स्वभावावरून आणि श्रोत्याच्या अपेक्षेवरून ठरते. जुलै महिन्यात म्हसळ्याला वारंवार पाऊस पडतो असे म्हणताना महिन्यातील बहुतेक सर्व दिवस अभिप्रेत असतात. एखादा तरुण वारंवार आजारी पडतो असे म्हणताना वर्षातून सहा वेळाही पुरेशा होतात. याउलट श्रेणीची दोन टोके मात्र कठोर आहेत. ऑलवेजला एकही अपवाद खपत नाही आणि नेव्हरला एकही उदाहरण खपत नाही. एक अपवाद निघाला की ऑलवेजचे यूज्वली करावे लागते आणि एक उदाहरण सापडले की नेव्हरचे सेल्डम करावे लागते. न्यायशास्त्रात धूम आणि अग्नी यांच्या साहचर्याला व्याप्ती म्हणण्यापूर्वी व्यभिचार, म्हणजे अपवाद, कोठेही नाही याची खात्री करून घेतात, आणि मीमांसेत नित्य कर्म व नैमित्तिक कर्म यांचा भेद काटेकोरपणे पाळतात. त्याच शिस्तीचा हा व्यावहारिक भाग आहे.

क्वचित आणि कधीच नाही यांतील अंतर केवळ व्याकरणाचे नसते, हे रायगडच्या किनाऱ्याने अलीकडेच अनुभवले. अरबी समुद्रातील चक्रीवादळे या किनाऱ्यावर क्वचित येत असत. 'क्वचित' हा शब्द लोकांच्या मनात हळूहळू 'कधीच नाही'च्या जागी जाऊन बसला होता. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड या भागांतील घरांची छपरे व नारळी-पोफळीच्या बागा जमीनदोस्त झाल्या. सेल्डम आणि नेव्हर या दोन शब्दांचा भेद शिकवताना यापेक्षा अधिक गंभीर उदाहरण येथील शिक्षकाला शोधण्याची आवश्यकता नाही.

आता जागेचा विचार. मराठी वाक्यात आवृत्तिवाचक शब्द बराच स्वतंत्र असतो. 'नेहमी तो लवकर येतो', 'तो नेहमी लवकर येतो', 'तो लवकर येतो नेहमी' ही तिन्ही वाक्ये मराठी आहेत. जागा बदलली की भर बदलतो, वाक्य मोडत नाही, आणि भर अधिक स्पष्ट करावयाचा असल्यास 'च' हे अव्यय कोठेही जोडता येते. इंग्रजीला ही मुभा नाही. तेथे ऑलवेज, नेव्हर, ऑफन यांसारख्या शब्दांचे प्रमुख स्थान कर्ता आणि मुख्य क्रियापद यांच्या मध्ये असते: 'ही ऑलवेज कम्स अर्ली'. परंतु क्रियापद टू बी या धातूचे असेल, तर शब्द त्याच्यामागून येतो: 'शी इज नेव्हर लेट'. आणि साहाय्यक क्रियापद असेल, तर पहिल्या साहाय्यकाच्या लगेच मागून येतो: 'दे हॅव ऑफन सीन द सी'. पाठ्यपुस्तकात हे तीन निरनिराळे नियम म्हणून दिलेले असतात आणि मुले त्यांची सरमिसळ करतात. पण तिन्हींच्या तळाशी एकच तत्त्व आहे.

ते तत्त्व असे, की इंग्रजी वाक्यात नॉट हा निषेधार्थी शब्द ज्या जागी बसतो, साधारणतः तीच जागा आवृत्तिवाचक शब्दाची असते. 'शी इज नॉट लेट' या वाक्यातील नॉट काढून तेथे नेव्हर घालावा; 'दे हॅव नॉट सीन' यातील नॉटच्या जागी ऑफन घालावा; वाक्य शुद्ध राहते. साध्या वर्तमानकाळात नॉटला आधारासाठी डू किंवा डझ हे साहाय्यक लागते, आवृत्तिवाचक शब्दाला ते लागत नाही, एवढाच काय तो फरक. शेक्सपिअरच्या काळच्या इंग्रजीत मुख्य क्रियापददेखील नॉटच्या आधी येऊ शकत असे. पुढे मुख्य क्रियापदांचा तो अधिकार लोपला आणि टू बी व साहाय्यक क्रियापदे यांच्याकडे तो शिल्लक राहिला. आज ज्याला आपण अपवाद समजून घोकतो, तो वास्तविक एका जुन्या व्यवस्थेचा अवशेष आहे, हे मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याला सांगितले, तर त्याचे ओझे निश्चितच हलके होते.

या नियमाला दोन सवलती आहेत. समटाइम्स, यूज्वली, ऑफन यांसारख्या शब्दांना वाक्याच्या आरंभी बसण्याची परवानगी आहे, त्यांतील समटाइम्स तर शेवटीही सहज बसतो. ऑलवेज आणि नेव्हर मात्र साध्या विधानात सहसा आरंभी येत नाहीत, आज्ञार्थी वाक्यात येतात, जसे 'नेव्हर टेल अ लाय'. सेल्डम, रेअरली किंवा नेव्हर विधानाच्या आरंभी आणलाच, तर साहाय्यक क्रियापदाला कर्त्याच्या पुढे यावे लागते, 'सेल्डम हॅव आय सीन' अशी प्रश्नासारखी रचना होते, आणि भाषेला भारदस्त, ग्रांथिक वळण येते. दुसरी गोष्ट अशी, की 'दररोज', 'आठवड्यातून एकदा', 'दरमहा', 'दरसाल' यांसारखे निश्चित संख्या सांगणारे शब्दप्रयोग इंग्रजीत क्रियापदाच्या आधी न बसता बहुधा वाक्याच्या शेवटी जातात. राजपुरीच्या खाडीत साधारण चोवीस तास पन्नास मिनिटांच्या अवधीत दोन वेळा भरती येते. हे मराठीत सांगताना 'दोन वेळा' क्रियापदाच्या आधी येते, इंग्रजीत 'ट्वाइस अ डे' वाक्य संपवते. औषधाच्या बाटलीवरील सूचना वाचणाऱ्याने नजर प्रथम ओळीच्या शेवटाकडे न्यावी ती याचसाठी.

सर्वांत मोठी अडचण निषेधाची आहे. 'मी कधीच खोटे बोलत नाही' या मराठी वाक्यात 'कधीच' आणि 'नाही' यांची जोडी अभेद्य आहे. 'नाही' गाळले तर वाक्यच होत नाही. उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्याचीही स्थिती हीच, कारण 'कधीच नाही' या अर्थी 'कभी'ला 'नहीं' लागतोच. इंग्रजी नेव्हरमध्ये मात्र निषेध आधीच सामावलेला आहे. म्हणून म्हसळ्याच्या वर्गातील दोन्ही माध्यमांची मुले 'आय डोन्ट नेव्हर टेल अ लाय' असे लिहितात, तेव्हा ती निष्काळजीपणा करत नसतात, आपल्या मातृभाषेचा नियम निष्ठेने पाळत असतात. चौदाव्या शतकातील चॉसरच्या इंग्रजीतही निषेधावर निषेध सर्रास चालत असे; १७६२ साली ज्यांचे व्याकरण प्रसिद्ध झाले त्या बिशप रॉबर्ट लाउथ यांच्यासारख्या अठराव्या शतकातील वैयाकरणांनी दोन निषेध एकमेकांना खोडून टाकतात हा दंडक शिष्टभाषेत दृढ केला. तेव्हा विद्यार्थ्याला चूक दाखवताना ती अडाणीपणाची खूण आहे असे भासवण्यास कोणताही आधार नाही.

दुरुस्तीचा मार्गही मराठीतच आहे. 'क्वचित' हा आपला शब्द 'नाही'ची अपेक्षा करत नाही. 'तो क्वचित येतो' हे वाक्य होकारार्थी क्रियापद घेऊन जवळपास नकारार्थी आशय सांगते. सेल्डम आणि रेअरली यांची रचना तंतोतंत 'क्वचित'सारखी आहे, आणि नेव्हरची रचना सेल्डमसारखी. याउलट 'सहसा' या शब्दाला आजच्या मराठीत 'नाही'ची संगत फार प्रिय आहे: 'पावसाळ्यात मच्छीमार सहसा होड्या बाहेर काढत नाहीत'. ज्या विद्यार्थ्याने 'क्वचित' आणि 'सहसा' यांच्या वागणुकीतील हा भेद स्वतःच्या भाषेत एकदा निरखला, त्याला नेव्हर 'सहसा'च्या पंक्तीत न बसवता 'क्वचित'च्या पंक्तीत बसवावा, एवढेच सांगावे लागते. 'एव्हर'चेही असेच आहे. 'तू कधी मुंबईला गेला आहेस का?' यातील 'कधी' वेळ विचारत नाही, आयुष्यात एकदा तरी असा अर्थ सांगतो. तो ओळखता आला, की विद्यार्थी तेथे व्हेन न घालता 'हॅव यू एव्हर बीन टू मुंबई' असे अचूक विचारतो.

निषेध आणि 'नेहमी' एकत्र आले, की अर्थाची आणखी एक सूक्ष्म गाठ पडते. 'तो नेहमी येत नाही' या वाक्याचा अर्थ तो काही वेळा येतो असाही होतो, आणि विशिष्ट स्वराने उच्चारल्यास त्याचे न येणे हाच त्याचा परिपाठ आहे असाही ध्वनी त्यातून निघतो. मराठी भाषक हा संदेह 'तो नेहमी येतोच असे नाही' असे म्हणून दूर करतो. इंग्रजी तो जागेने दूर करते: नॉट आधी आणि ऑलवेज नंतर, म्हणजे 'ही डझन्ट ऑलवेज कम', असे म्हटले की सातत्याचाच निषेध होतो, येण्याचा होत नाही, आणि येणेच नाकारावयाचे असल्यास नेव्हर वापरावा लागतो. नोकरीच्या चौकशीत, पोलीस पाटलापुढे दिलेल्या निवेदनाच्या भाषांतरात किंवा परदेशी मालकाला लिहिलेल्या खुलाशात हा भेद सुटला, तर निर्दोष माणसावर ठपका यावा इतके त्याचे महत्त्व आहे.

शेवटचा विषय काळाचा. सवय सांगण्यासाठी मराठी 'तो रोज येतो' असेही म्हणते आणि 'तो रोज येत असतो' असेही म्हणते. या दुसऱ्या रूपातील 'असतो'चे भाषांतर करण्याच्या ओघात 'ही इज कमिंग डेली' हे भारतभर ऐकू येणारे वाक्य जन्माला येते. इंग्रजीत सवयीचा अधिकार साध्या वर्तमानकाळाकडे आहे. चालू वर्तमानकाळ तात्पुरती किंवा या क्षणी चाललेली क्रिया सांगतो. त्यातच ऑलवेज चालू काळाबरोबर आला, तर त्यातून बहुधा तक्रारीचा सूर निघतो. 'माय टीचर ऑलवेज हेल्प्स मी' यात कृतज्ञता आहे. 'ही इज ऑलवेज आस्किंग क्वेश्चन्स' यात वैताग ऐकू येतो. आदराने बोलू पाहणारा विद्यार्थी केवळ काळाच्या निवडीमुळे उद्धट ठरावा, ही हानी लहान नाही.

भूतकाळात मराठीजवळ याहून सुंदर साधन आहे. 'आजोबा पहाटे उठत, खाडीवर जात, येताना मासळी आणत' या वाक्यात एकही क्रियाविशेषण नाही, तरीही ती रोजची रीत होती हे प्रत्येक क्रियापद सांगते. आपल्या वैयाकरणांनी याला रीतिभूतकाळ हे समर्पक नाव दिले आहे. इंग्रजी क्रियापदाला असे रूप नाही. म्हणून ते यूज्ड टू किंवा वुड यांचा आश्रय घेते, अथवा साध्या भूतकाळाला ऑफन, ऑलवेज, एव्हरी मॉर्निंग यांची जोड देते. रीतिभूतकाळाचे भाषांतर साध्या भूतकाळात करून आवृत्तिवाचक शब्द गाळला, तर आजोबा एकाच पहाटे खाडीवर गेले असे इंग्रजी वाचकाला वाटेल. म्हणजे मराठी क्रियापदाने जे काम केले, ते इंग्रजीत क्रियाविशेषणाला किंवा साहाय्यकाला करावे लागते. दोन भाषांतील श्रमविभागणी येथे सर्वांत स्पष्ट दिसते.

तर्खडकरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाषांतर पाठमालांवर मराठी माणसांच्या अनेक पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीत घोकंपट्टी होती हा आक्षेप मान्य केला, तरी एक गुण तिच्यात निर्विवाद होता: ती मराठी वाक्यापासून आरंभ करीत असे, आणि म्हणून विद्यार्थ्याला आपली भाषा न्याहाळावी लागे. आज पहिलीपासून इंग्रजी शिकणाऱ्या मुलाच्या हाती सुबक चित्रे आणि शेकडेवारीचे तक्ते आले आहेत, परंतु 'कधीच'ला 'नाही' का लागते, 'क्वचित'ला ते का लागत नाही, 'जात असे' या रूपात कोणता अर्थ दडला आहे, हे प्रश्न इंग्रजीच्या तासाला विचारणे म्हणजे वेळेचा अपव्यय अशी समजूत पुष्कळ ठिकाणी रूढ झाली आहे. ही समजूत बदलली पाहिजे. दादोबांनी इंग्रजीकडे पाहून मराठीची घडण समजून घेतली. आता मराठीकडे पाहून इंग्रजीची घडण समजावून देणे हे त्यांचे ऋण फेडण्यासारखे आहे.

त्यासाठी मोठी सामग्री लागत नाही. शिक्षकाने मुलांकडून त्यांच्या गावाविषयी, घराविषयी, समुद्राविषयी दहा खरी मराठी वाक्ये लिहून घ्यावीत, प्रत्येकात ती गोष्ट किती वेळा घडते हे असावे. मग प्रत्येक वाक्यातील आवृत्ती कोणत्या शब्दात किंवा क्रियापदाच्या कोणत्या रूपात आहे हे मुलांनीच शोधावे, आणि त्यानंतर ते वाक्य इंग्रजीत न्यावे. नेताना प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारावेत: नॉट कोठे बसला असता? निषेध एकदाच आला आहे ना? ही सवय आहे की आत्ता चाललेली क्रिया? या तीन प्रश्नांत या लेखातील बहुतेक सर्व नियम सामावले आहेत. त्याबरोबर चौथा प्रश्नही विचारावा, जो व्याकरणाच्या पुस्तकात नसतो: लिहिलेले 'नेहमी' खरोखर नेहमी आहे काय? वडील आखातातून 'नेहमी' फोन करतात की 'बहुधा' दर शुक्रवारी करतात, बस 'कधीच' वेळेवर येत नाही की 'क्वचित' येते, याचा निर्णय मुलाने स्वतः विचार करून करावा. असा निर्णय करण्याची सवय ज्याला शाळेत लागली, त्याची जबानी न्यायालयात, त्याचा अर्ज कचेरीत आणि त्याचे पत्र परदेशी मालकापुढे विश्वासाने वाचले जाईल; आणि भाषाशिक्षणाने याहून अधिक उपयोगी पडावे, अशी अपेक्षा कोणत्याही पालकाने करण्याचे कारण नाही.